बाप फणस नसतो तेव्हा

मंडळी, मराठी कवितेत आईला तोटा नाही. यशवंतांची आई, माधव जूलियनांची आई, फ. मुं. शिंद्यांची आई. शाळा सुटेपर्यंत त्यातली एखादी तरी पाठ झालेली असते. बाप मात्र उशिरा आला, आणि आला तोही बहुतेक वेळा फणस होऊन. वरून काटे, आत गोड गरे. जूनमध्ये फादर्स डेच्या दिवशी फोन उघडा, सकाळपासून फणसच फणस. माझं त्या फणसांशी भांडण नाही. पण ज्यांच्या बापाला आतूनही काटेच होते, त्यांनी कुठली कविता वाचायची?

मी त्यांना रॉबर्ट हेडन वाचायला सांगतो. हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय कवी, जन्म १९१३, गाव डेट्रॉइट. आईवडील वेगळे झाले आणि हे मूल शेजारच्या विल्यम आणि स्यू एलन हेडन या जोडप्याकडे वाढलं. विल्यम अंगमेहनत करणारा मजूर, धर्माने कडक. घरात गरिबी, भांडणं, मारझोड. मुलाची नजर इतकी अधू की पोरांबरोबर खेळायची पंचाईत. मग पुस्तकं हाच विरंगुळा. पुढे मिशिगन विद्यापीठात डब्ल्यू. एच. ऑडनसारखा मोठा इंग्रजी कवी त्याला शिकवायला मिळाला, ही वेगळी गोष्ट.

'दोज विंटर संडेज' ही त्याची चौदा ओळींची कविता १९६२ च्या संग्रहात आली. घडतं एवढंच: रविवारीसुद्धा बाप अंधारात, कडाक्याच्या थंडीत उठतो. आठवडाभराच्या कामाने हात फुटलेले, ठणकणारे. त्या हातांनी तो शेगडी पेटवतो. कुणी त्याचे आभार मानत नाही. खोल्या उबदार झाल्या की तो हाक मारतो, मुलगा सावकाश उठतो, कपडे चढवतो, बापाशी तुटकपणे बोलतो. त्याच बापाने थंडी घालवलेली असते आणि मुलाचे ठेवणीतले बूटही पॉलिश केलेले असतात. शेवटी कवी स्वतःलाच विचारतो, आणि दोनदा विचारतो: मला तेव्हा काय ठाऊक होतं? प्रेमाची ही रुक्ष, एकट्याने करायची कामं मला कुठे ठाऊक होती?

वर्गात ही कविता शिकवताना बापाचा संत होतो. मुलगा कृतघ्न, बाप थोर, डोळे पुसा. मला हे वाचन अजिबात पटत नाही, आणि त्याला कारण आहे नववी ओळ. मुलगा कपडे चढवतोय तो भीत भीत. त्या घरात मुरलेल्या रागांची त्याला भीती वाटते. 'बापाचा राग' असं हेडन म्हणत नाही, राग घराचे आहेत. म्हणजे तो बापाच्या खात्यावर सगळं मांडत नाही, पण खोडूनही टाकत नाही. शेगडी आणि बूट यांच्या बरोबर मधे ही ओळ बसली आहे. पुढच्या पाच ओळींत कृतज्ञता येते, तरी ही ओळ मागे घेतलेली नाही. याला मी माफी म्हणणार नाही. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने मांडलेला हा हिशेब आहे, आणि त्यात जमाखर्च दोन्ही लिहिलेत.

आणखी एक. चाळिशीच्या सुमाराला हेडनला कळलं की त्याचं कायदेशीर नाव रॉबर्ट हेडन नाहीच. ते आहे एसा बंडी शेफी. हेडन जोडप्याने त्याला रीतसर दत्तक घेतलंच नव्हतं. ही कविता छापून आली ती त्यानंतर, आणि तरी तिच्या पहिल्याच ओळीत विल्यम 'माझे वडील' आहे. इथे आपल्याला नारायण सुर्वे आठवतातच: गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांना सापडलेलं मूल, आणि त्यांचंच आडनाव.

याच १९६२ साली, ऑक्टोबरमध्ये, अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथने 'डॅडी' लिहिली. तिचे वडील जीवशास्त्राचे प्राध्यापक होते, बंबलबी या माश्यांचे अभ्यासक. ती आठ वर्षांची असताना वारले. कवितेत त्यांचा नाझी होतो, रक्तपिपासू होतो, आणि शेवटच्या ओळीत ती शिवी हासडून त्यांच्याशी संपलं म्हणून सांगते. ही कविता मला थोर वाटते, पण ती चरित्र म्हणून वाचू नये. रागाला एवढा मोठा आवाज देणं प्लाथलाच पेललं. नवख्याने तसं लिहायला घेतलं की नुसती विशेषणं उरतात.

घराजवळचं उदाहरण हवं तर दिलीप चित्र्यांची 'फादर रिटर्निंग होम' आहे. आपल्याकडच्या मुलांना ती बारावीच्या इंग्रजीत भेटते. मराठीतला एवढा मोठा कवी, आणि लोकलमधून भिजत घरी येणारा हा बाप त्याने इंग्रजीत लिहिला. पांचट चहा, शिळी पोळी, आणि आपले विनोद, आपली गुपितं बापापासून राखून ठेवणारी घुम्मी पोरं. बेसिनपाशी बाप थरथरतो, मनगटावरच्या पिकत चाललेल्या केसांना पाण्याचे थेंब चिकटून राहतात. हेडनकडे हात, इथेही हात. बाप बोलत नसला तरी पोरांना त्याचे हात पाठ असतात. उगारलेलेही.

म्हणून कवितालेखनाच्या कार्यशाळेत मी 'वडिलांबद्दल काय वाटतं' हे विचारतच नाही. त्यांचे हात दिवसभर काय करायचे ते लिहा, म्हणतो. एका बाईंचे वडील सायकल दुरुस्तीवाले होते. चाकाचा आउट कसा काढायचा, कुठला स्पोक किती ताणायचा, चाक फिरवून डोळा कसा बारीक करायचा, हे त्यांनी फार नेमकं लिहिलं. गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या सायकली त्यांच्याकडे यायच्या. मुलीच्या सायकलला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. का, ते कवितेत नाही. वाचून झाल्यावर एकाने प्रेमाने सुचवलं, ताई, शेवटी एकदा त्यांनी तुमचीही सायकल नीट करून दिली असं करा ना, छान होईल.

त्या म्हणाल्या, नाही दिली.