टाकीत डिझेल नेमकं किती? : जुन्या मोटरयॉटचा फ्युएल गेज

(दृश्य: खालचं सुकाणू. किल्ली फिरते. डॅशबोर्डावरचे दोन काटे हळूहळू वर येतात.)

डाव्या टाकीचा काटा अर्ध्यावर थांबला. उजवीचा पाव टाकीच्याही खाली. दोन्ही टाक्या मात्र एकाच वेळी, सारख्याच भरलेल्या आहेत.

ही १९८०च्या सुमाराची मोटरयॉट आहे. अमेरिकी गिऱ्हाइकांसाठी तैवानमध्ये अशा बऱ्याच बोटी बांधल्या गेल्या. इंजिनखोलीत दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी टाकी, प्रत्येकी २०० अमेरिकी गॅलनची, म्हणजे ७५७ लिटर. काटा चुकला की पहिला संशय गेजवर जातो आणि नवा गेज आणला जातो. तो पैसा बहुतेक वेळा वाया जातो. बिघाड असतो टाकीच्या माथ्यावर बसवलेल्या सेंडरमध्ये, म्हणजे पातळी मोजून गेजला कळवणाऱ्या भागात, किंवा त्याच्या अर्थिंगच्या वायरीत.

(दृश्य: टेबलावर काढून ठेवलेला सेंडर. हात दांडी वर-खाली करतो.)

सेंडर म्हणजे एका दांडीच्या टोकाला फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगणारा तुकडा, आणि दुसऱ्या टोकाला बारीक तारेची गुंडाळी. डिझेल उतरलं की फ्लोट उतरतो, गुंडाळीवरचा स्पर्शक सरकतो आणि रोध बदलतो. अमेरिकी पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० ओहम, भरलेल्या टाकीला ३३. प्रचलित युरोपी पद्धत याच्या उलट आहे : रिकामी १०, भरलेली १८०. कधी तरी कुणी घाईत युरोपी सेंडर अमेरिकी गेजला जोडून ठेवलेला असतो. मग टाकी भरली की काटा खाली येतो आणि रिकामी झाली की वर चढतो.

या फरकामुळे आणखी एक गोष्ट घडते आणि ती जिवाशी येऊ शकते. गंजलेला जोड रोध वाढवतो. अमेरिकी पद्धतीत रोध वाढला की काटा खाली जातो, डिझेल आहे त्याहून कमी दिसतं. युरोपी पद्धतीत तोच गंज डिझेल जास्त दाखवतो. म्हणून बोटीवर युरोपी सेंडर असेल, तर सगळे जोड दर हंगामाच्या सुरुवातीला उघडून साफ करा.

(दृश्य: डॅशबोर्डामागची बाजू. मल्टिमीटर.)

तपासणी गेजच्या मागून सुरू होते. तिथे तीन टर्मिनल असतात : आय म्हणजे किल्लीतून येणारा वीजपुरवठा, जी म्हणजे अर्थ, एस म्हणजे सेंडर. किल्ली चालू करून आय आणि जी यांच्यातलं व्होल्टेज घ्या. ते बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी भरलं, तर आधी तो पुरवठा दुरुस्त करा. मग एसवरची वायर काढा. अमेरिकी नियमाप्रमाणे ती गुलाबी असते. काटा रिकाम्यावर पडला पाहिजे. आता एस आणि जी वायरीच्या तुकड्याने क्षणभर जोडा. काटा पूर्ण भरलेल्यावर गेला, तर गेज चांगला आहे. युरोपी गेजवर दोन्ही उत्तरं उलटी येतात. बोट पेट्रोलची असेल, तर हे जोडणं टाकीपाशी कधीही करू नका. एका ठिणगीने आग लागेल.

आता किल्ली बंद करा. सुटलेल्या गुलाबी वायरीपासून अर्थपर्यंतचा रोध मोजा, मग तोच थेट सेंडरवर मोजा. सेंडरवर १०३ ओहम म्हणजे अमेरिकी पद्धतीत अर्धी टाकी. डॅशबोर्डाशी तोच १२५ भरला, तर २२ ओहम वाटेतल्या वायरी आणि जोडांमध्ये आहेत. सेंडरच्या फ्लँजखाली, म्हणजे टाकीवर स्क्रूने बसणाऱ्या त्याच्या चकतीखाली, गळती रोखणारं गॅस्केट असतं, रंगही असतो, त्यामुळे टाकीच्या पत्र्यातून मिळणाऱ्या अर्थवर विसंबू नये. सेंडरला स्वतःची काळी वायर द्या. वायर कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची हवी.

वर फ्लायब्रिजवर, म्हणजे छतावरच्या दुसऱ्या सुकाणूपाशी, दुसरा गेज असेल, तर सेंडरही दुहेरी जागेसाठीचा लागतो, साधारण १२० ते १७ ओहमचा. दोन्ही गेजांचा प्रवाह एकाच सेंडरमधून जातो, म्हणून प्रत्येक गेजला तो रोध दुप्पट भासतो. साधा सेंडर लावला, तर दोन्ही काटे चुकतात आणि सारखेच चुकतात. त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही.

(दृश्य: टाकीचा माथा. चिंधीने फ्लँजभोवतीची घाण पुसली जाते.)

टाकी पाऊणच्या खाली असतानाच सेंडर काढा. पाच स्क्रू असतात आणि भोकांची मांडणी असमान असते, त्यामुळे तो एकाच दिशेने बसतो. दांडी अगदी हळू फिरवत मीटर बघा. आकडा सलग सरकला पाहिजे. एखाद्या जागी उडी मारली, तर तिथली तार झिजली आहे. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत डिझेल खळखळलं, तर तो बदला. बसवताना नवं नायट्राइल रबराचं गॅस्केट वापरा. सिलिकॉन डिझेलने मऊ पडतं आणि मग फ्लँज झिरपू लागतो.

(दृश्य: टाकीच्या बाजूची काचनळी. वर एक व्हॉल्व्ह, खाली एक.)

काचनळी, म्हणजे टाकीतली पातळी बाहेरून दाखवणारी पारदर्शक नळी, असेल तर तिचं म्हणणं आधी ऐका. दोन्ही व्हॉल्व्ह उघडा, पातळी स्थिर होऊ द्या, वाचा आणि दोन्ही बंद करा. उघडे राहिले आणि नळी तडकली, तर खालच्या व्हॉल्व्हच्या वर असलेलं सगळं डिझेल बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, उतरेल. नळी पिवळी, ठिसूळ दिसली की बदला. तिच्यात खाली पाणी साचलं असेल, तर पातळी कमी दिसते, कारण पाणी डिझेलपेक्षा जड असतं : १० सेंटिमीटर पाण्यामागे जवळजवळ २ सेंटिमीटर.

काटा दुरुस्त झाला, तरी त्याचा अर्धा म्हणजे अर्धं डिझेल नव्हे. हलच्या, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाच्या, उतारामुळे टाकी खाली अरुंद असते. तळाशी ४० सेंटिमीटर आणि माथ्याशी ८० सेंटिमीटर रुंदीची टाकी घ्या. अर्ध्या उंचीपर्यंत तिच्यात ७५७पैकी फक्त ३१५ लिटर मावतात. दोन इंजिनं मिळून ताशी १५ लिटर जाळत असतील, तर निम्म्या ३७८ लिटरांपासूनचा हा ६३ लिटरांचा फरक म्हणजे चार तासांचं अंतर.

(दृश्य: लाकडी पट्टी. पेन्सिलच्या खुणा.)

म्हणून पट्टी करायची. टाकी जवळजवळ रिकामी असताना, बोट शांत पाण्यात सरळ बांधून, दोन टाक्यांमधला व्हॉल्व्ह बंद करा. ५०-५० लिटर भरत जा. दर वेळी दोन मिनिटं थांबून तपासणीच्या भोकातून पट्टी बुडवा, पातळीला खूण करा आणि त्याच ओळीत काट्याची जागा व काचनळीची उंची लिहा. टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावली, तर तळाचं पाणीही कळतं. बोट वेगात असताना मागून बसते, म्हणून तोच काटा चालत्या बोटीत वेगळा दिसतो. तो आकडा पहिल्या फेरीत टिपून घ्या.

चालताना एका टाकीचा काटा वर चढला, तरी लगेच गेज उघडू नका. डिझेल इंजिन जादा इंधन परत पाठवतं. परतीचा व्हॉल्व्ह दुसऱ्या टाकीवर राहिला असेल, तर तिथली पातळी खरोखरच वाढत असते.

(दृश्य: डॅशबोर्डाच्या कडेला प्लास्टिकमध्ये बंद केलेला तक्ता : काटा, सेंटिमीटर, लिटर. खाली तारीख.)