कुर्डुवाडी: जिथं गाडी बदलावी लागायची

पाटी वाचा आधी. कुर्डुवाडी जंक्शन. ऑक्टोबर १८५९ मध्ये जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ इथवर आले तेव्हा या स्टेशनला स्वतःचं नावही नव्हतं, बार्शी रोड म्हणायचे, कारण पेठ होती ती बार्शीला आणि मधलं पस्तीसेक किलोमीटर अंतर तुडवत कापूस बैलगाडीने इथं यायचा. पावसाळ्यात काळ्या रानातला रस्ता म्हणजे काय, ते इकडच्या माणसाला सांगायला नको.

आता हा फोटो जरा थांबून बघू. किटसन कंपनीचं इंजिन, लीड्सला बनलेलं, आठ चाकं एकमेकांना जोडलेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने इथून बार्शीला जाणाऱ्या छोट्या लाईनीसाठी डोकं असं लावलं की रुळांत अंतर फक्त अडीच फूट, आणि इंजिन असो नाहीतर डबा, एका आसावर पाच टनांच्या वर भार जाऊच द्यायचा नाही. म्हणून हलक्या रुळांवर भागलं, तरी डबे चांगले मोठे. (हाच माणूस पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवत बसला, तो वेगळाच किस्सा.) १८९७ ला ही लाईन, म्हणजे बार्शी लाईट रेल्वे, सुरू झाली, मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. सव्वातीनशे किलोमीटर!

पण खरी गंमत दोन लाईनींच्या मापात आहे. मोठी साडेपाच फुटी, छोटी अडीच, त्यामुळे हिचा डबा तिच्यावर चढायचाच नाही. मग काय, प्रत्येक पोतं, प्रत्येक गाठ इथं हमालाच्या पाठीवरून उतरणार आणि परत चढणार, लातूरचा माणूस मुंबईला निघाला तरी ट्रंक घेऊन इथं उतरणार, पुढच्या गाडीची वाट बघत चहा पिणार. आषाढीला तर मालडब्यातसुद्धा वारकरी. गाव पोसलं ते या खोळंब्याने. वर्कशॉप आलं, रेल्वेची क्वार्टर्स आली आणि कुर्डूची ही वाडी कुर्डूपेक्षा मोठी झाली.

१९५४ ला सरकारने लाईन ताब्यात घेतली, २००८ पर्यंत लातूरला ब्रॉडगेज पोचली, जुन्या लाईनीने बाजूला टाकलेलं धाराशिव शहरही जोडलं गेलं, वर्कशॉप टिकलं, हमाली गेली. चार किलोमीटर छोटी लाईन तरी ठेवायची होती, चालती.

हा शॉट रात्रीचा. लातूर-मुंबई एक्सप्रेस थांबलीय. खिडक्या बंद, आतली माणसं झोपलीत.