चाक हलवून बघा

(कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ही वस्तू आधी हातोहात मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. हात जरा काळे होतील, फडकं टेबलावर ठेवलंय. हा टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगची दांडी चाकाला जिथे मिळते तिथला सांधा. शाळेत आपण उखळीचा सांधा शिकलो, आठवतंय? खुब्याचा आणि खांद्याचा. तोच प्रकार, वाटीत गोळी बसवलेली. वरची खुंटी धरून हलवा. नव्या सांध्यात ती फिरवताना बोटाला जोर लागतो. ही मात्र आजोबांच्या दातासारखी हलते.

असा सांधा माझ्या गाडीत किमान दोन वर्षं होता, आणि मला तो कळला नाही. गाडी रोज चालवत होते तरीही. आज बोलायचंय ते याच्यावर.

माझी गाडी १९९७ ची मारुती ८००, वडिलांनी घेतलेली. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, गॅरेजशी संबंध बिल देण्यापुरता. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते आणि मग दर पाच वर्षांनी. तशा एका पासिंगच्या वेळी निरीक्षकाने बाहेर उभं राहूनच खिडकीतून हात घातला, स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवलं आणि विचारलं, "मॅडम, एवढं फिरवल्यावर चाक ऐकतं, तुम्हाला चालतं हे?" मला चालत होतं. कारण एका दिवसात तीन बोटं ढिलं झालेलं स्टिअरिंग कुणालाही कळेल, पण दोन वर्षांत तेवढं ढिलं झालं तर त्याच दोन वर्षांत आपले हातही शिकत जातात. ब्रेक दाबला की माझी गाडी डावीकडे ओढायची. मी ब्रेकबरोबर स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरायला कधी लागले, ते मला सांगता येणार नाही. भाच्याने एकदा गाडी चालवायला घेतली आणि पौड रोडच्या पहिल्याच सिग्नलला ओरडला, "मावशी, ही कुठे चाललीय?"

तेव्हा पहिलं काम पाना उचलायचं नाही. पहिलं काम, गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्यायची आणि आपण शेजारी गप्प बसायचं. मला गप्प बसणंच जास्त जड गेलं.

त्यानंतर चाक उचलायचं. इथे एक गोष्ट मी शाळेतल्या आवाजात सांगणार आहे. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. गाडी उचलली की चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, भक्कम जागेखाली घोडी लावायची, गॅरेजवाले लोखंडी स्टँडला घोडी म्हणतात ती. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. विटा नाहीत, वीट भाराखाली सांगून फुटत नाही. आणि पुढे चाक काढावं लागलं तर ते गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवून ठेवायचं. सगळं चुकलंच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्यावर नाही. आमच्या पार्किंगला उतार आहे, म्हणून मी हे काम बहिणीच्या बंगल्याच्या सपाट अंगणात करते. तिचा चहा मिळतो हा वेगळा फायदा.

आता चाक हवेत आहे. ते घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरा आणि वरून ओढा, खालून ढकला. खटखट लागली तर दोष बेअरिंगचा किंवा खालच्या बॉल जॉइंटचा, तोही असाच वाटी-गोळीचा सांधा. दोघांतला कोण ते कसं ओळखायचं? आत बसलेल्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबला की चाक आणि त्याला धरणारा नकल एकमेकांना जखडले जातात, म्हणजे बेअरिंग हिशेबातून बाद होतं. खटखट थांबली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. एक पैसा खर्च नाही, सुटा केलेला एकही नट नाही, आणि दोन आरोपींपैकी एक सुटला. वर्गात मुलांना प्रयोगातला एक घटक स्थिर ठेवायला शिकवताना मी उगाच लंबकाची उदाहरणं देत बसायचे, हे उदाहरण तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.

मग चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. इथे खटखट असेल तर बहुधा टाय रॉड एंड, नाहीतर रॅकच्या, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दातेरी दांडीच्या, तोंडाचा आतला सांधा. पण याची खरी परीक्षा चाकं जमिनीवर असताना होते, कारण सांध्यावर भार असतो. इंजिन बंद, एकाने स्टिअरिंग थोडं-थोडं डावी-उजवीकडे करत राहायचं आणि दुसऱ्याने खाली वाकून एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. डोळ्यांना काही दिसत नाही, पण ढिल्या सांध्यात बोटाखाली टक् असं लागतं. डॉक्टर गुडघ्यावर हात ठेवून पाय दुमडायला सांगतात, तसंच.

टाय रॉड एंड बदलणं मला वाटलं होतं त्याहून सोपं निघालं. स्प्लिट पिन काढा, नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, नाहीतर सांधा सुटताना दांडी तोंडावर येते. खुंटी निमुळती असते आणि निमुळत्या भोकात घट्ट रुतलेली असते. खुंटीवर हातोडा मारू नका, आटे जातात. ती ज्या लोखंडी डोळ्यात बसलीय त्याच्या बाजूवर दोन सणसणीत ठोके द्या. डोळा क्षणभर दबतो आणि खुंटी सुटते. जुना एंड काढताना किती फेरे लागले ते मोजून खडूने जमिनीवर लिहा, नवा तेवढ्याच फेऱ्यांनी चढवा. त्यानंतर सरळ अलाइनमेंटला, म्हणजे चाकांची दिशा जुळवून घ्यायला. ते काम माझ्याने घरी होत नाही. दोरा बांधून करणारे आहेत, मी त्यांच्यातली नाही.

बुशची गोष्ट मात्र सविस्तर सांगते, कारण तिथे मी तोंडावर आपटले. खालचा आर्म, म्हणजे चाकाला धरणारा लोखंडी हात, गाडीला जिथे जोडलेला असतो तिथे रबरी बुश असतो. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि मध्ये दोघींना घट्ट चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जखडते. म्हणजे खड्ड्यात चाक खाली-वर होतं तेव्हा बुशमध्ये काहीही फिरत नाही, फक्त रबर पिळलं जातं आणि परत येतं. मी नवा बुश बसवला, गाडी घोडीवर असतानाच बोल्ट मनासारखा आवळला आणि मग गाडी खाली उतरवली. झालं काय, की चाक लटकत असताना रबर जिथे सैल होतं तिथे ते जखडलं गेलं. गाडी स्वतःच्या वजनाने खाली बसताच रबर पिळलं गेलं, आणि गाडी नुसती उभी असतानाही ते पिळलेलंच राहिलं. त्यावर आपले स्पीडब्रेकर. पाच महिन्यांत बुश फाटला.

फाटका बुश घेऊन मी नाना पेठेत दुकानात गेले आणि माल डुप्लिकेट दिलात म्हणून चांगलं सुनावलं. दुकानदार काकांनी तो हातात फिरवला, एकाच बाजूने फाटलेलं रबर दाखवलं आणि शांतपणे विचारलं, "ताई, बोल्ट आवळला तेव्हा चाक हवेत होतं का?" आधी हाताने बसवायचं, गाडी जमिनीवर उतरवायची, चार-पाच वेळा दाबून हलवायची आणि बोल्ट शेवटचा घट्ट तेव्हा आवळायचा. एवढंच. दुसरा बुश मी निमूटपणे पूर्ण किंमत देऊन घेतला.

शॉकअब, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, धक्का शोषणारा, त्याच्याबद्दल थोडक्यात. नावच चुकीचं आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकअबच्या आत तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि स्प्रिंगचं नाचणं उष्णतेत बदलून थांबवलं जातं. बाहेर तेल पाझरलेलं दिसलं किंवा टायरवर हाताला उंचवटे-खळगे लागले तर तो बहुधा संपला. मारुतीत पुढे स्प्रिंग आणि शॉकअब एकाच खांबात असतात, आणि ती स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत तिथे बसवलेली असते. वरचा नट नुसता उघडला तर ती माणसाला मारू शकते. खांब गाडीतून मी स्वतः काढते, पण स्प्रिंग बदलायला तो रिक्षात घालून गॅरेजमध्ये नेते. कुणी भित्री म्हणालं तर म्हणू दे.

आता ब्रेक. पुढे डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, मागे ड्रम. माझी गाडी डावीकडे का ओढत होती? कारण डावा ब्रेक नीट काम करत होता आणि उजवा अर्धवट. आपण नेहमी ओढणाऱ्या बाजूवर संशय घेतो, दोष बहुतेकदा दुसऱ्या बाजूचा निघतो. उजव्या कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला दोन पॅडमध्ये दाबणाऱ्या चिमट्याच्या, सरकत्या पिना गंजून बसल्या होत्या. आतला पॅड झिजून पातळ, बाहेरचा जवळजवळ कोरा. पॅडची अशी विषम जोडी निघाली की नुसते नवे पॅड टाकून उपयोग नाही. पिना साफ करायच्या आणि त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पीन पुन्हा अडकते. काढलेला कॅलिपर तारेने वर बांधून ठेवा, रबरी पाइपवर लटकवू नका. ड्रममधली काळी भुकटी फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या.

नवे पॅड जाड असतात, म्हणून त्यांना दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलावा लागतो. मी ढकलला, सगळं जोडलं, हात धुतले आणि ऐटीत गाडी रिव्हर्सला टाकली. पेडल थेट तळाला गेलं. मागे ढकललेला पिस्टन पॅडपाशी परत यायला चार-पाच दाब लागतात, ते मी दिलेच नव्हते. हँडब्रेक तारेवर चालतो, त्याचा ब्रेकच्या तेलाशी संबंध नाही, म्हणून तो लागला आणि गाडी शेजारच्या काकूंच्या तुळशीच्या कुंडीला टेकून थांबली. कुंडीला तडा गेला. तेव्हापासून इंजिन सुरू करण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबायचं, अशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधूनच मी काम सुरू करते.

आता 'ब्रेक ऑइल'. पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारा द्रव, नावाला ऑइल. हे खनिज तेल नव्हे, आणि बॉनेटखालच्या त्याच्या डब्यात इंजिन ऑइलचा एक चमचा पडला तरी आतली रबरं फुगतात. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पुण्याच्या पावसाळ्यात त्याला पाण्याची वाण नाही. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. साडेतीन टक्क्यांच्या वर पाणी मुरलं की ती हमी १४० अंशांवर येते. फरक कुठे पडतो? समजा चार माणसं बसलेली गाडी, एक हजार किलो, सिंहगडाच्या घाटातून पाचशे मीटर खाली उतरली. उतरताना सुटणारी ऊर्जा सुमारे ४९ लाख ज्यूल होते, म्हणजे पंधरा लिटर पाण्याला आधण आणण्याइतकी. आंघोळीची बादलीभर! दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर यातली बरीच इंजिन पचवतं. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवत उतरलात तर ती जवळजवळ सगळी ब्रेकवर. पाणी मुरलेलं तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पेडल स्पंजसारखं लागतं, तेही नेमकं वळणावर.

डब्यात डोकावून बघा. नवं तेल फिकट पिवळं असतं. कोऱ्या चहासारखं दिसलं तर बदला. तेल बदलताना, हवा काढताना मदतनिसाला पेडल पूर्ण तळापर्यंत दाबू देऊ नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल ज्यात तेल दाबतं त्या नळकांड्यात, रबर रोज जेवढं सरकतं त्याच्या पुढच्या भागात गंज साठलेला असतो. रबर त्यावरून गेलं की चिरतं, आणि चांगला चालणारा ब्रेक दुरुस्तीच्या दिवशीच बिघडतो. हे तेल पत्र्यावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो. माझ्या बॉनेटवरचा नकाशा त्याचाच आहे, बाहेर जाताना बघा.

हे सगळं झाल्यावर आधी सोसायटीतच, चालण्याच्या वेगात, ब्रेक तीनदा लावून बघायचा. मग रिकामा रस्ता. आणि पन्नास किलोमीटरच्या आत प्रत्येक नट पुन्हा तपासायचा. मी पहिल्यांदा सगळं स्वतः केलं तेव्हा खडकवासल्यापर्यंत गेले, चौपाटीवर कणीस खाल्लं आणि गाडीतून पाना काढून चाकाचे नट बघायला बसले. मागे मक्याच्या गाडीवरची मावशी उभी. म्हणाली, "पंक्चर का हो?" नाही म्हटलं. "मग काय बिघडलंय?" काही नाही म्हटलं. तिने जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि आपल्या नवऱ्याला हाक मारली, "अहो, या बाईंना जरा मदत करा."