दोन तीर, एक अंतरपाट

[दृश्य: पहाटेचं धुकं, पाणी, मच्छिमाराची नाव]

भिगवण. भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा इथवर पसरलाय. थंडीत इथे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात, पट्टकादंब हंस येतात, आणि येतात केशरी अंगाचे चक्रवाक.

याच पाण्यावर, एका नावेत, दोन अनोळखी माणसांचा वाद झाला. चिखलात तुरुतुरु पळणाऱ्या एका पक्ष्याकडे बघून तो म्हणाला, चिखल्या. ती म्हणाली, तुतवार. तुतवारच होता. पुढचे चार हिवाळे दोघं एकाच नावेतून फिरले.

आज त्यांचं लग्न आहे.

[दृश्य: जमिनीवर पसरलेलं पांढरं कापड, रंगाच्या वाट्या]

हा अंतरपाट. नवरीनं तीन आठवडे बसून रंगवलाय. खाली नदी, आणि दोन्ही अंगांना एकेक चक्रवाक. नवऱ्याला दिसेल ती मादी. नवरीला दिसेल तो नर, गळ्यात बारीक काळी पट्टी असलेला.

जुन्या कवींनी या पाखरांची एक गोष्ट सांगून ठेवली आहे. सूर्य मावळला की जोडीची ताटातूट होते. एक या तीरावर, एक त्या तीरावर, आणि रात्रभर एकमेकांना साद. म्हणून या दोघांनी मुहूर्त धरला गोरज. पाखरं दुरावतात त्याच वेळी मधला पडदा दूर व्हावा, एवढीच त्यांची हौस.

कायद्याचं लग्न सकाळीच झालं. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस, मग तीस दिवसांची वाट, मग तीन साक्षीदार. त्यातली एक सही नावाड्याची. कोऱ्या सदऱ्यात आलेल्या काकांनी ती फार सावकाश केली.

[दृश्य: आजी, हातात वहीचा कागद]

मंगलाष्टकं दोघांनी स्वतःच मराठीत लिहिली, त्यावरून मात्र घरात बोलाचाली झाली. आजीचं म्हणणं, “अगं, शब्दच बदललेत, मग लग्न लागलं असं म्हणायचं कशावरून?”

आजीचा प्रश्न साधा नाही. पण मराठी मुलखात त्याला जुनं उत्तर आहे. 25 डिसेंबर 1873 ला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला, पुरोहिताशिवाय. जोतीराव फुल्यांनी पुढे मराठीत मंगलाष्टकं लिहिली, त्यांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. ती धिटाई फार मोठी होती, आजची हौस तिच्यापुढे लहान आहे. तरी आपल्या लग्नात आपल्याला कळतील असे शब्द असावेत, ही ओढ तीच.

शार्दूलविक्रीडित, म्हणजे मंगलाष्टकांचं नेहमीचं वृत्त, सोडायचं नाही, हे दोघांनी आधीच ठरवलं होतं. ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर थांबा. रात्ररात्र बोटांवर अक्षरं मोजत ते बसले. जमलेल्या दोन ओळी अशा:

नावेतून निळ्या जळात फिरता गेली जुळूनी मने,
दो तीरांवर चक्रवाक वसती, जावो सरूनी निशा

आजीनं कागद डोळ्यांजवळ धरला. चाल लावून पाहिली. चाल बसली. मग तिनं एकच अट घातली: शेवट ‘कुर्यात् सदा मंगलम्’नेच करायचा, आणि तो ती म्हणणार.

[दृश्य: मांडव, तिरपं ऊन]

बँड नाही, फटाके नाहीत; पाणी जवळ आहे. रुखवतात सुगरणीची गळून पडलेली घरटी, शेवयांच्या आणि करंज्यांच्या ताटांशेजारी. अक्षता ज्वारीच्या, रंग न लावलेल्या.

ऊन पाण्यावर टेकलं. मामा नवरीला घेऊन आले. अंतरपाट धरला गेला. दोन ओळी झाल्या, आणि मग आजीचा आवाज, थोडा कापरा, पण सुरात.

कापड खाली आलं.

[दृश्य: दुसऱ्या दिवशी सकाळ, रिकामा मांडव]

सांडलेली ज्वारी कुणी झाडली नाही. साळुंख्या आल्या आहेत, मागोमाग चिमण्या. मांडवाच्या खांबाला टेकून आजी विचारते आहे, “ती पिवळ्या चोचीची कोण गं?”