मंगळवारी अहवाल, बुधवारी गिलोटिन

नमस्कार श्रोतेहो. आमच्या खासदारानं माजी सैनिकांसाठी, सीमेसाठी, सरकारी खर्चावर लक्ष ठेवण्यासाठी काय केलं, हे बघायचं तर कुठे बघायचं? बहुतेक जण हजेरीचे टक्के बघतात. ती कोष्टकं छापणं आता पुरे करावं, असं माझं मत आहे. हजेरी म्हणजे नुसती नोंद. नोंद करून माणूस कँटीनमध्येही बसू शकतो.

बरं, मतदान बघावं, तर लोकसभेत बरंचसं कामकाज आवाजी मतदानानं होतं. 'होय'वाले ओरडतात, 'नाही'वाले ओरडतात, नाव कुणाचंच नोंदलं जात नाही. आणि 1985 पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षादेश निघाला की मत पक्षाचं. म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी दोनतीनदा सांगणार आहे : खासदाराचं खरं काम स्थायी समितीच्या, म्हणजे एकेका खात्याचं काम तपासणाऱ्या खासदारांच्या गटाच्या, अहवालात सापडतं.

उदाहरण घेऊ मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांचं. सैन्याच्या इंजिनिअर शाखेतले अधिकारी. शिक्षणातला काही काळ पुण्याच्या सीएमईत, म्हणजे दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात. 1991 साली गढवालमधून लोकसभेत. वाजपेयींच्या सरकारात रस्ते खातं त्यांच्याकडे होतं, पुढे दोनदा उत्तराखंडचे मुख्यमंत्री. 2014 मध्ये पुन्हा लोकसभेत आले आणि संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष झाले. ही समिती 31 जणांची : लोकसभेचे 21, राज्यसभेचे 10. मंत्र्याला तिथे जागा नाही. अध्यक्ष नेमतात लोकसभाध्यक्ष. तेव्हा त्या पदावर सुमित्रा महाजन होत्या, मूळच्या आपल्या चिपळूणच्या.

आता मार्च 2018. अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला मांडून झालाय. अशा वेळी प्रत्येक खात्याच्या खर्चाच्या मागण्या समितीकडे जातात. समिती दार बंद करून अधिकाऱ्यांना समोर बसवते आणि विचारते, पुरतात का एवढे पैसे? खंडुरींच्या समितीपुढे लष्कराचे उपप्रमुख आले, लेफ्टनंट जनरल शरत चंद. ते म्हणाले, या अर्थसंकल्पानं आमच्या आशांवर पाणी पडलं. गणवेशातला माणूस आपल्याच सरकारच्या अर्थसंकल्पाबद्दल हे बोलतोय, आणि ते लिहून घेतलं जातंय!

आकडे सावकाश सांगतो. लष्कराला आधुनिकीकरणासाठी मिळाले 21,338 कोटी रुपये. आणि आधीच करार झालेल्या, चालू असलेल्या 125 योजनांसाठी द्यायचे होते 29,033 कोटी. पुन्हा सांगतो : हातात 21,338, देणं 29,033. साडेसात हजार कोटींहून जास्त तूट, आणि तीही एकही नवी बंदूक मागवण्याआधी. घरात पगार एकवीस हजार आणि जुन्या कर्जांचे हप्ते एकोणतीस हजार असले, तर नवा फ्रिज कुठून येणार?

पुढचं त्याहून बोचरं. सैन्यात साधारण एक तृतीयांश सामग्री जुनी, एक तृतीयांश चालू काळातली आणि एक तृतीयांश अत्याधुनिक असावी, असं मानतात. उपप्रमुखांनी सांगितलं, आपल्याकडे 68 टक्के जुनाट, 24 टक्के चालू काळातली आणि अत्याधुनिक फक्त 8 टक्के. डोकलामला चिनी सैन्यासमोर आपलं सैन्य उभं ठाकलं, त्याला एक वर्षसुद्धा झालं नव्हतं. उत्तर सीमेवरच्या मोक्याच्या रस्त्यांनाही पैसा कमी पडतो, हेही समितीपुढे आलं.

अहवाल संसदेत ठेवला गेला मंगळवारी, 13 मार्चला. अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचे, सरकार त्यांच्याच पक्षाचं, आणि अहवालात हे सगळं.

आता सभागृहात यावर चर्चा व्हायला हवी होती ना? दुसऱ्या दिवशी, बुधवारी 14 मार्चला, गोंधळात सगळ्या खात्यांच्या मागण्या गिलोटिन लावून एकदम मंजूर झाल्या. गिलोटिन म्हणजे चर्चा तिथेच कापायची आणि उरलेल्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकायच्या. वित्त विधेयकही तसंच, चर्चेविना. मंगळवारी अहवाल, बुधवारी गिलोटिन. चारशे पानं सोडा, चार पानं वाचायलाही कुणाला उसंत नव्हती. टीव्हीवर मात्र त्या वर्षीही अर्थसंकल्पाच्या दिवशी काय स्वस्त, काय महाग हेच चाललं होतं.

सप्टेंबर 2018 मध्ये समितीची पुनर्रचना झाली आणि खंडुरींच्या जागी कलराज मिश्र आले. समित्या दरवर्षी नव्यानं नेमल्या जातात, हे खरंच. पण काँग्रेसनं 2019 च्या निवडणुकीत याचा मुद्दा केला, प्रश्न विचारले म्हणून त्यांना काढलं असा.

वेळ थोडा उरलाय, तर माजी सैनिकांचं उरकतो. इथे आठवतात उत्तराखंडचेच भगतसिंह कोश्यारी. महाराष्ट्राला ते राज्यपाल म्हणून माहीत, आणि त्या काळातले वाद सांगायला नकोत. पण खासदार असताना राज्यसभेच्या याचिका समितीचे अध्यक्ष म्हणून डिसेंबर 2011 मध्ये त्यांनी 'वन रँक वन पेन्शन'वर अहवाल दिला. त्यातल्या व्याख्येचे दोन भाग आहेत. एक : पद सारखं, सेवेची वर्षं सारखी, तर पेन्शन सारखी, निवृत्त कधीही झालेले असा. दोन : पुढे वाढ झाली की जुन्यांनाही ती आपोआप मिळावी. सरकारच्या 7 नोव्हेंबर 2015 च्या आदेशात पहिला भाग आला. दुसऱ्याच्या जागी आलं दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती. मार्च 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते चालेल म्हटलं.

म्हणून उमेदवार सत्काराच्या मंचावरून 'आम्ही पेन्शन मिळवून दिली' म्हणाला, की विचारायचं, कुठला भाग? आणि खर्चाचं काय? फेब्रुवारी 2014 मध्ये यासाठी 500 कोटी जाहीर झाले होते. प्रत्यक्ष योजना लागू झाल्यावर वर्षाचा खर्च सुमारे 7,123 कोटी निघाला. 2018-19 मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या 4 लाख 4 हजार कोटींपैकी 1 लाख 8 हजार कोटींहून जास्त पेन्शनचे होते. पेन्शनही हवी, तोफाही हव्यात आणि खर्चही कमी हवा, असं एका दमात म्हणणाऱ्याला वजाबाकी करून दाखवायला सांगा.

तर श्रोतेहो, शोधायचं कसं? डिजिटल संसदेच्या संकेतस्थळावर समित्यांत जा, संरक्षण निवडा, अहवाल उघडा. शेवटी बैठकांचं इतिवृत्त असतं, त्यात त्या दिवशी कोण हजर होतं त्यांची नावं असतात. ही हजेरी बघा, ती बघण्यासारखी आहे. सरकारनं तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं, मग समिती कार्यवाही अहवाल काढते. त्यात दुसऱ्या प्रकरणात सरकारनं मान्य केलेल्या शिफारशी असतात, आणि चौथ्यात असतात त्या, ज्यांवरचं सरकारचं उत्तर समितीलाच पटलेलं नसतं. आधी चौथं प्रकरण उघडा. नमस्कार.