उंबरठ्यावरचं गाव : सोल्यो

नमस्कार, श्रोतेहो.

आल्प्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी बर्फ येतो. मी आज ज्या गावाविषयी बोलणार आहे, तिथे मला ओढून नेलं ते चेस्टनटच्या झाडांनी. गावाचं नाव सोल्यो. देश स्वित्झर्लंड, प्रांत ग्राउब्युन्डन, भाषा मात्र इटालियन.

सेंट मोरित्झहून पिवळी पोस्टबस निघते. मालोया खिंड १८१५ मीटरवर. तिथून वळणावळणांनी रस्ता झपाझप उतरतो आणि इटलीच्या सीमेवरच्या कास्तासेन्याला पोहोचेपर्यंत जेमतेम ७०० मीटर उंची उरते. खिंडीत कानाला झोंबणारा वारा खाली मवाळ झालेला असतो. या ब्रेगाल्या खोऱ्याचं तोंड नैर्ऋत्येला, कोमो सरोवराच्या दिशेने उघडतं, म्हणून दक्षिणेची ऊब आतपर्यंत येते. सोल्यो या खोऱ्याच्या उत्तरेच्या उतारावर, साधारण १०९० मीटरवर, ऊन खात बसलंय.

जोवान्नी सेगांतीनी हा चित्रकार १८९०च्या दशकात उन्हाळा मालोयात काढायचा आणि हिवाळ्यात इथे उतरायचा. या गावाला तो स्वर्गाचा उंबरठा म्हणायचा, असं सांगतात. इटालियनमध्ये ‘सोल्या’ म्हणजेच उंबरठा!

गावात गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील. छपरं दगडी फरश्यांची. मधेच इथल्या मातब्बर सालिस घराण्याचे वाडे उभे. त्यातल्या १६३० सालच्या वाड्यात १८७६पासून हॉटेल चालतं. मागच्या बागेत अमेरिकेतून आलेल्या जातीचे दोन प्रचंड सिक्वोया वृक्ष आहेत. आल्प्सच्या कुशीत ते कसे रुजले, या विचाराने मी बराच वेळ मान वर करून उभी होते.

पण खरं वैभव खाली, कास्तासेन्याजवळच्या ब्रेन्तान या चेस्टनटच्या राईत. ही झाडं रानात आपोआप वाढलेली नाहीत. पिढ्यानपिढ्या कलमं बांधली, खालचं गवत कापलं, म्हणून ती टिकली. डोंगरातल्या गरिबांची भाकरी हीच होती. राईत दगडी खोपटी दिसतात. ऑक्टोबरात फळं वेचून तिथल्या फळ्यांच्या माळ्यावर पसरतात आणि खाली कित्येक आठवडे मंद धुमी ठेवतात. फळं खडखडीत वाळली की पिशवीत भरून ओंडक्यावर आपटतात, म्हणजे टरफलं सुटतात. मग त्यांचं पीठ. त्या धुरकट गोडव्याची पोळी मी खाल्ली. पुरणाची आठवण झाली, एवढंच सांगते.

सोल्योच्या समोर शिओरा, चेंगालो, बादिले ही ग्रॅनाइटची शिखरं दातांसारखी उभी आहेत. २३ ऑगस्ट २०१७ला चेंगालोचा कडा ढासळला. आठ गिर्यारोहक कायमचे हरवले आणि चिखल-दगडांचा लोंढा बोन्दो गावात घुसला. सोल्योच्या गच्चीवरून तो पांढुरका ओरखडा दिसतो. तिथे माझं बोलणं थांबलं होतं.

जायचं तर ऑक्टोबरात जा. बस थेट सोल्योपर्यंत जाते, तरीही कास्तासेन्याला उतरा आणि राईतून चढत जा. आणि एक विनंती. झाडाखाली पडलेली फळं खिशात घालू नका. त्या झाडांना मालक आहेत, आणि ती वेचायला कोणीतरी टोपली घेऊन येणार आहे.

नमस्कार.