एलव्हीएन ते आरएन: कॅलिफोर्नियात ही पायरी कशी चढायची?

नमस्कार मंडळी! आधी हे बघा. (दोन बिल्ले कॅमेऱ्यासमोर धरते.) दोन्हींवर फोटो माझाच, नव्यात केस जरा विरळ झालेत एवढंच. जुन्यावर लिहिलंय एलव्हीएन, नव्यावर आरएन. मधे साडेचार वर्षं गेली. ती कशात गेली, ते आज सांगते.

एलव्हीएन म्हणजे लायसन्स्ड व्होकेशनल नर्स. हे नाव फक्त कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये आहे. बाकी अमेरिकेत त्याच कामाला एलपीएन म्हणतात. आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स. आपल्याकडे एएनएम आणि जीएनएम असे नर्सिंगचे दोन स्तर असतात ना, तसलाच हा प्रकार, पण अगदी तसाच नाही. एएनएम ताईंचं बरंचसं काम उपकेंद्रात आणि गावात असतं. इथली एलव्हीएन तुम्हाला बऱ्याचदा नर्सिंग होममध्ये दिसेल. आणि नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं डॉक्टरांच्या पाटीचं छोटं हॉस्पिटल नव्हे हं! इथे म्हातारी माणसं राहायलाच असतात.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट, कारण यावरून मला सगळ्यात जास्त मेसेज येतात. तुम्ही भारतात जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग केलं असेल, तर कृपा करून एलव्हीएनच्या वर्गात जाऊन बसू नका. तुमची कागदपत्रं थेट इथल्या बोर्ड ऑफ रजिस्टर्ड नर्सिंगकडे जातात. ते तुमचे विषय आणि तास तपासतात, काही कमी पडलं तर तेवढं पूर्ण करायला सांगतात. आजचा व्हिडिओ माझ्यासारखीसाठी आहे: बी.कॉम. केलं, लग्न झालं, इथे आले, आणि तिशीनंतर नर्सिंगमध्ये शिरले.

कॅलिफोर्नियात एलव्हीएनचा कोर्स १,५३० तासांचा असतो. त्यातले ५७६ तास वर्गात, ९५४ पेशंटजवळ. पूर्णवेळ केला तर साधारण वर्षभर. मी घराजवळच्या एका खासगी संस्थेत भरपूर फी भरून केला, आणि नंतर कळलं की तिथले क्रेडिट्स मला हव्या असलेल्या कॉलेजात धरतच नाहीत. फी भरायच्या आधी एक प्रश्न विचारायचा होता: "हे क्रेडिट्स पुढे कुठे चालतात?" मी नाही विचारला. तुम्ही विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

मग नोकरी. संध्याकाळची शिफ्ट, औषधांची कार्ट आणि अठ्ठावीस आजी-आजोबा. गोळ्या कुटायच्या, सफरचंदाच्या गरात कालवायच्या, चमच्याने भरवायच्या. कुणाची साखर तपास, कुणाला इन्सुलिन दे. हे काम हलकं आहे असं कुणी म्हणालं की मला अजून राग येतो.

त्यातली एक संध्याकाळ सांगते, कारण सगळा फरक तिच्यात आहे. एक आजी होत्या. मी खोलीत शिरले की रोज टीव्हीचा रिमोट मागायच्या. त्या दिवशी मागितला नाही. मी घड्याळ लावून श्वास मोजले, मिनिटाला सव्वीस. ताप नव्हता, हात मात्र गार. मी सुपरवायझर आरएनला बोलावलं आणि म्हटलं, "काहीतरी बिनसलंय." ती आली, छाती ऐकली, दोन प्रश्न विचारले, दोन दिवसांचं लघवीचं टिपण चाळलं आणि म्हणाली, "सेप्सिस वाटतोय." म्हणजे संसर्गामुळे सगळं शरीरच कोलमडायला लागतं, ती अवस्था. डॉक्टरांना फोन तिने केला, अँब्युलन्सही तिनेच बोलावली.

आता बघा, खटकलं मला होतं. पण त्याचा अर्थ लावणं आणि पुढे काय करायचं ते ठरवणं हे माझ्या लायसन्सच्या बाहेर होतं. एलव्हीएन माहिती गोळा करते, कळवते, दिलेली योजना पार पाडते. त्या माहितीवरून निष्कर्ष काढून योजना बनवायची ती आरएनने. हातातल्या कामातही हा फरक दिसतो: वेगळं सर्टिफिकेट घेतलेली एलव्हीएन शिरेत सुई लावू शकते, सलाईनची बाटली चढवू शकते, पण साध्या वॉर्डात शिरेतून औषध द्यायचं ते आरएननेच.

तर, जायचं कसं? माझा रस्ता कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे इथल्या सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजचा. राज्यातल्या रहिवाशांना एका युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) ४६ डॉलर, म्हणजे खासगी संस्थेच्या मानाने किरकोळच. पण नर्सिंगचा अर्ज करायच्या आधी शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र, तिन्ही प्रयोगशाळेसकट, शिवाय इंग्रजी लेखन. नोकरी सांभाळून हे करायला मला दोन वर्षं लागली. शरीररचनेच्या प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात पुढ्यात मांजर ठेवलं, औषधात मुरवलेलं, कापायला. माझं माहेर कराडकडचं, वडील माळकरी. त्या रात्री फोनवर त्यांनी "आज काय शिकवलं?" विचारलं तेव्हा मी म्हटलं, "स्नायू." खोटं नव्हतं ते.

मग टीज नावाची प्रवेशपरीक्षा. राज्यातल्या अनेक कम्युनिटी कॉलेजांत ६२ टक्क्यांची अट असते. एवढं करूनही जागा थोड्या आणि रांग मोठी. काही ठिकाणी गुणांवर निवड, काही ठिकाणी चक्क चिठ्ठ्या! मला दुसऱ्या खेपेला जागा मिळाली. एलव्हीएन असल्याचा फायदा इथे होतो: पहिलं वर्ष माफ होतं आणि एक जोड-कोर्स करून तुम्ही थेट दुसऱ्या वर्षात बसता.

"तीस युनिटचा शॉर्टकट आहे म्हणे?" आहे. कॅलिफोर्नियात एलव्हीएनला जास्तीत जास्त तीस सेमिस्टर युनिट करून आरएनच्या परीक्षेला बसता येतं. पण त्यातून पदवी मिळत नाही, आणि बरीच राज्यं असं लायसन्स मानत नाहीत. नवऱ्याची बदली झाली की पंचाईत. ज्यांना जन्मभर इथेच राहायचंय त्यांनीसुद्धा दहादा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढची परीक्षा एनक्लेक्स, म्हणजे आरएनच्या लायसन्सची. एप्रिल २०२३ पासून तिचं रूप बदललंय: काही प्रश्नांत एकाच पेशंटची फाईल हळूहळू उलगडत जाते आणि तुम्ही प्रत्येक टप्प्यावर निर्णय घ्यायचा. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. तुमच्या उत्तरांवरून कॉम्प्युटर पुढचा प्रश्न निवडतो आणि तुमच्याबद्दल त्याची खात्री पटली की थांबतो. माझा स्क्रीन ८५ वर बंद झाला. पास की नापास काही कळेना. गाडीत अर्धा तास नुसती बसून राहिले.

आता रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करता करता घ्यायचं प्रशिक्षण. डॉक्टरांचीच असते असं वाटतं ना? नर्सेसचीही असते, २००२ पासून इथे वर्षभराचे असे कार्यक्रम सुरू आहेत. सक्तीची नाही, पण मोठ्या हॉस्पिटलात नवख्या आरएनला बहुधा याच दारातून घेतात. एक गंमत: तुमचा एलव्हीएनचा अनुभव आरएनचा अनुभव म्हणून मोजत नाहीत. बावीस वर्षांच्या पोरींच्या रांगेत मी चाळिशीला टेकलेली "न्यू ग्रॅड", म्हणजे नुकतीच शिकून आलेली. सुरुवातीला टोचलं. मग लक्षात आलं, त्यामुळेच तर मला आत घेतलं. अनुभवी धरलं असतं तर हा कार्यक्रमच मिळाला नसता.

पहिले तीन महिने एक प्रिसेप्टर, म्हणजे शिकवणारी अनुभवी नर्स, बरोबर. आधी तिच्या पेशंटमधला एक माझ्याकडे, मग दोन, असं करत पाच. कायद्याने मेडिकल-सर्जिकल, म्हणजे साध्या, वॉर्डात एका नर्सला जास्तीत जास्त पाचच. महिन्यातून एकदा सगळे नवखे एका खोलीत. तिथे अभ्यासापेक्षा रडारडच जास्त व्हायची, आणि तीही लागते हो. शेवटी एक छोटा प्रकल्प. काही हॉस्पिटलं दोन वर्षांचा करार लिहून घेतात, आधी सोडलं तर पैसे भरा म्हणून. सही करायच्या आधी वाचा.

शिरेतून दिलेलं माझं पहिलं औषध फ्युरोसेमाइड, अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारं, ४० मिलिग्रॅम. प्रिसेप्टर म्हणाली, "सावकाश. भरभर ढकललंस तर कानाला इजा होते." दोन मिनिटं मी भिंतीवरच्या सेकंदकाट्याकडे बघत दट्ट्या दाबत होते. आजोबा म्हणाले, "झोपलीस का गं?"

आणि पाचव्या महिन्यात, रात्री तीनला, खुब्याच्या ऑपरेशनच्या एक बाई. जेवताना बडबड करत होत्या, आता "हं" एवढंच. श्वास चोवीस, नाडी एकशे बारा. मी वळून मागे बघितलं, सवयीने. मागे कुणी नव्हतं. प्रिसेप्टरचे दिवस संपले होते. "काहीतरी बिनसलंय" हे आता सांगायचं कुणाला? मी रॅपिड रिस्पॉन्सचा, म्हणजे तातडीने धावून येणाऱ्या टीमला बोलवायचा, फोन उचलला आणि कोण पेशंट, काय झालं, मला काय वाटतंय, काय हवंय, या क्रमाने बोलले. "मला काय वाटतंय" हे वाक्य माझ्या कामात मी पहिल्यांदाच उच्चारत होते. टीम चार मिनिटांत आली. बाई सहाव्या दिवशी चालत घरी गेल्या, वॉकर घेऊन.

पुढच्या व्हिडिओत आरएन टू बीएसएन, म्हणजे नोकरी करता करता ऑनलाइन नर्सिंगची बॅचलर पदवी, त्यावर बोलू. मी सध्या त्यातच अडकलेय.

आणि हो, हे पत्र. (लिफाफा दाखवते.) माझ्या जुन्या एलव्हीएन लायसन्सच्या नूतनीकरणाचं. दर दोन वर्षांनी येतं. दोन्ही लायसन्स ठेवता येतात, पण आता त्याचा मला उपयोग काहीच नाही. नवरा म्हणतो, कशाला पैसे घालवतेस? तीन आठवडे झाले, फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलंय. तुमच्यापैकी कुणी ठेवलंय का जुनं लायसन्स? कमेंटमध्ये सांगा, मला शनिवारपर्यंत ठरवायचंय.